दादी समुद्रावर बॅगा सांभाळायला येत नाही



मागच्या रविवारी दौंडहून भैयाचा फोन आला. मे महिन्यात सगळ्यांनी अंदमानला जायचं ठरलंय म्हणाला. तो, भाभी, दोन्ही मुलं, मोठी सूनबाई आणि तिची दीड वर्षाची छकुली. "तीन पिढ्या एकत्र जातोय, फोटो बघशील तर खूश होशील." मी मनात मोजलं. आई धरली तर पिढ्या चार होतात.

"आणि आईचं काय?"

"तिला शिरूरला तुझ्याकडे आणून सोडतो ना. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. तिचे नेम तुला माहिती आहेत. चौविहार, गरम पाणी, सामायिक. तिथे तिला जमणार नाही, आणि तिच्यापायी सगळ्यांची अडचण होईल."

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. माझी पहिली चूक ती. न्हावरा-चौफुल्यावरून दौंडला जायला मला दीड-दोन तास लागतात. त्याच दिवशी निघून, समोर बसून बोलायला हवं होतं. ते केलं नाही, म्हणून आज इथे लिहितेय. भैया हे वाचणार आहे, भाभी तर वाचतेच. वाचू दे. आणि तुम्हीही वाचा, कारण हा फोन फक्त आमच्या घरी आलेला नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत स्थानकात व्याख्यान सुटल्यावर जिच्याशी बोलावं तिच्या घरातून कुणी ना कुणी अंदमान, गोवा, नाहीतर बालीला जाऊन आलेलं असतं. आणि घरातली म्हातारी बाई एक तर मागे राहिलेली असते, नाहीतर बरोबर जाऊन मागे राहिलेली असते.

ही "बरोबर जाऊन मागे राहण्याची" गोष्ट आधी सांगते, कारण ती माझ्या हातून घडली आहे. भैयाला बोलण्याआधी मला माझं खातं उघडायला हवं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही शिरूरचे नऊ जण अंदमानला गेलो. मी, आमचे हे, दीर, जाऊबाई, चार मुलं आणि सासूबाई. सासूबाईंचं वय 74. चातुर्मास संपला होता, शाळांना सुट्टी होती, मुहूर्त चांगला होता. सगळ्यांनी आमचं कौतुक केलं की बघा, सासूला बरोबर घेऊन गेल्या. मीही ते कौतुक ऐकून घेतलं.

आता खरं काय झालं ते ऐका. निघायच्या आधी पंधरा दिवस मी आणि जाऊबाई खाखरे लाटत होतो. मेथीच्या पुऱ्या, मठरी, भाजलेला रवा, सातूचं पीठ, कोरडी चटणी, मुगाच्या डाळीचं पाकीट, एक छोटा कुकर, एक इंडक्शन शेगडी. माझ्या बॅगेत साड्या तीन आणि डबे अकरा. ह्यांच्या बॅगेत कपडे, चप्पल आणि एक पुस्तक, जे त्यांनी उघडलं नाही. हॉटेलात पोहोचल्यावर तिथल्या मुलाने खोलीत शेगडी लावायला मनाई केली. त्याचं बरोबर होतं, आग लागली असती तर काय? मग आम्ही दोघी पहाटे चार वाजता उठून किटलीतल्या पाण्यावर उपमा भिजवायचो, नऊ जणांचा. सगळे उठायचे, खायचे, "वा, घरच्यासारखं" म्हणायचे आणि समुद्रावर जायचे. आम्ही डबे धुऊन अर्ध्या तासाने पोहोचायचो.

आणि सासूबाई? त्यांना आम्ही प्रत्येक किनाऱ्यावर एक खुर्ची किंवा झाडाखालचा ओंडका शोधून दिला. तिथे बसवलं. मग त्यांच्या आजूबाजूला नऊ जणांच्या चपला, सहा मोबाईल, चष्मे, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या आणि पाकिटं ठेवली. "मम्मीजी, तुम्ही बसा हं आरामात, जरा लक्ष ठेवा." हे वाक्य माझं आहे. मी म्हटलंय. चार दिवस म्हटलंय.

स्वराज द्वीप म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक. तिथला राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सगळे तिथला सूर्यास्त बघायला जातात. आमच्या सहलीच्या कागदावरही छापलं होतं, सायंकाळी सूर्यास्त, रात्री आठ वाजता जेवण. आता जरा हिशोब करा. आपलं घड्याळ सगळ्या देशाचं एक, पण सूर्य एक असला तरी सगळीकडे एकाच वेळी मावळत नाही. शिरूर आणि अंदमान यांच्यात रेखांशाचा फरक 18 अंशांचा. एका अंशाला 4 मिनिटं धरली तरी तासाच्या वर जातं. डिसेंबरअखेरीस शिरूरला सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, तिथे पाच वाजल्यावर लगेच. म्हणजे चौविहार करणाऱ्या माणसाला साडेचारच्या आत जेवून उठायला हवं. कुणी हा हिशोब केला? कुणीच नाही. सहल आखणाऱ्याने केला नाही हे एकवेळ समजू, तो काही आपल्या समाजाचा नव्हता. पण आम्ही नऊ जण तर होतो ना?

सासूबाईंनी केला. त्यांनी पहिल्याच दिवशी खिडकीतून बघून ओळखलं. कुणाला काही बोलल्या नाहीत. राधानगरला निघायच्या वेळी म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मी इथेच बरी." चार वाजता खोलीत एकट्या बसून दोन खाखरे, चटणी आणि गरम पाणी घेतलं, आणि पच्चक्खाण करून सामायिकाला बसल्या. आम्ही तिकडे सूर्यासमोर ओळीने उभं राहून फोटो काढले. धाकट्याने विचारलं, दादी का नाही आली? मी म्हटलं, "दादी दमली आहे." खोटं होतं ते. दादी दमली नव्हती. दादीला तिच्या वेळेला ताट मिळालं असतं तर ती जेवून आमच्या आधी तयार झाली असती.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात जाऊन "आमचं जेवण चार वाजता द्या" एवढंच सांगायचं होतं. शेवटच्या दिवशी मी ते सांगितलं, तेव्हा तिथला आचारी म्हणाला, आधी सांगितलं असतं तर रोज दिलं असतं. वरण, भात, फुलके, दुधीची भाजी. दहा मिनिटांचं बोलणं. त्याच्यासाठी एक 74 वर्षांची बाई तीन संध्याकाळी कोरडे खाखरे खाऊन राहिली.

शेवटच्या दिवशीची गोष्ट आता सांगते. शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचं नील. भरतपूरच्या किनाऱ्यावर पाणी उथळ आणि संथ असतं. सासूबाई नेहमीप्रमाणे चपलांच्या राज्यात बसलेल्या. धाकटा धावत आला आणि मुठीतून शंख काढून त्यांच्या हातावर ठेवला. "दादी, घरी नेऊया." सासूबाईंनी शंख डोळ्यांजवळ नेला, उलटा केला आणि त्याला म्हणाल्या, "थांब. श्वास रोखून बघ." थोड्या वेळाने आतून बारीक पाय बाहेर आले. तिथल्या किनाऱ्यांवर रिकाम्या शंखात राहणारे छोटे खेकडे फार असतात. पोरगा किंचाळला आणि मग हसायला लागला.

सासूबाईंनी त्याला तिथेच पच्चीस बोलातला दुसरा बोल म्हणायला लावला. जाति पाच, एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत. पाठशाळेत त्याने तो दहादा पाठ करून दहादा विसरलेला. "हा शंख ज्याचा होता तो बेइंद्रिय जीव. तो गेला. त्याच्या घरात आता दुसरा राहायला आलाय. कुणाचं घर उचलून न्यायचं का?" पोरगा म्हणाला, नाही. "मग जिथून आणलास तिथे ठेवून ये. चल, मी येते." आणि त्या उठल्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवून वाळूतून पाण्यापर्यंत चालत गेल्या.

तेव्हा मला दिसलं की चार दिवस, चार किनारे झाले आणि या बाईच्या साडीची किनार एकदाही ओली झालेली नाही. मी त्यांना समुद्रावर आणलं होतं आणि समुद्रापासून पन्नास पावलांवर बसवून ठेवलं होतं.

घोट्याएवढ्या पाण्यात त्या उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा. नातवाला विचारलं, "खरंच खारट लागतं का रे?" स्वतः चाखणार नव्हत्या, कच्चं पाणी त्यांना चालत नाही. त्याने बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. त्या इतक्या हसल्या की जाऊबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्या घरात आलेल्याला मला एकवीस वर्षं झाली. तो आवाज मी ओळखत नव्हते.

एवढं झाल्यावर आता मी भैयाशी भांडायला मोकळी आहे.

पहिला मुद्दा तो काढणार, आणि त्याच्याबरोबर आपल्यातल्याच चार बायका काढणार, की म्हातारपणी धर्मध्यान करावं, संत-सतींच्या दर्शनाला जावं, समुद्रावर काय ठेवलंय? मी दर्शनाला जाण्याच्या विरोधात नाही. माझी आई दरवर्षी चातुर्मासात बसने दर्शनाला जाते, नगरला आनंदधामला किती वेळा गेली याची मोजदाद नाही. पण बायांनो, समुद्र आपल्या शास्त्राला परका आहे हे कुणी सांगितलं? उत्तराध्ययन सूत्राचं 21वं अध्ययन आठवा. चंपानगरीचा पालित श्रावक, भगवान महावीरांचा शिष्य, जहाजाने व्यापाराला पिहुंड नगरीला गेला. तिथे लग्न केलं आणि गरोदर बायकोला घेऊन समुद्रमार्गाने परत निघाला. वाटेत समुद्रावरच मुलगा झाला, म्हणून नाव समुद्रपाल. आगमात एका श्राविकेचं बाळंतपण जहाजावर होतं, आणि आमच्या दादीला किनाऱ्यावर घोटाभर पाण्यात उभं राहायचं तर "शोभत नाही"?

ज्ञाताधर्मकथेतला अर्हन्नक श्रावक आठवा. भर समुद्रात देवाने भय दाखवलं, धर्म सोड म्हणाला, जहाज उचललं, तरी तो डगमगला नाही. व्याख्यानात ही कथा ऐकून आपण माना डोलावतो. तिचा अर्थ समुद्रावर जाऊ नका असा नाही. समुद्रावरही धर्म सोडू नका असा आहे.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे आणि तो मी टाळणार नाही. पाणी म्हणजे अप्काय. पाण्यात उगाच खेळणं हा अनर्थदंड, आठव्या व्रताचा दोष. एका महासतीजींनी मला हे सांगितलं आणि मी मान खाली घालून ऐकलं. खरं आहे ते. साध्वीजींचा मार्ग वेगळा, त्यांचं सांगणं त्या मार्गावरून आहे. पण आपण गृहस्थ आहोत, आणि गृहस्थांचा ढोंगीपणा मला बघवत नाही. मुलांना वॉटरपार्कला नेताना अप्काय आठवला? लग्नाच्या हॉलमध्ये पाण्याचे कारंजे लावताना आठवला? नवऱ्याने पॅरासेलिंग केलं, स्कूटरसारखी ती पाण्यावरची गाडी पेट्रोल जाळत फिरवली, तेव्हा कुणी व्रताचं नाव काढलं? ते आठवतं फक्त म्हातारीच्या पायाला पाणी लागायची वेळ आली की. दोष कमी करायचा तर जिथे जास्त आहे तिथून सुरुवात करा. मोटारबोटीचे खेळ सोडा, प्रवाळावर पाय देऊन चालण्याचे प्रकार सोडा.

प्रवाळाचं म्हणाल तर, उत्तराध्ययनाच्या 36व्या अध्ययनात प्रवाळ पृथ्वीकायात मोजलंय आणि शंख बेइंद्रियात. आजचे शास्त्रज्ञ प्रवाळाला लहान लहान प्राण्यांची वसाहत म्हणतात. कुठल्याही बाजूने धरा, तो सजीव आहे आणि त्याच्यावर पाय द्यायचा नाही. सरकारनेही 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळांना संरक्षण दिलंय. घरच्या शोकेससाठी प्रवाळाचा तुकडा बॅगेत टाकणं गुन्हा आहे. आमच्या नऊ जणांत हे कायदा न वाचता कुणाला कळत होतं? चपला सांभाळणाऱ्या बाईला. तुम्ही जिला "नेम फार आहेत" म्हणून घरी ठेवता, तिच्याजवळच मुलांना समुद्र कसा बघायचा हे शिकवायची विद्या आहे. गाईड मासे दाखवतो. दादी जीव दाखवते.

तिसरा मुद्दा दिशेच्या मर्यादेचा. कुणाकुणाच्या सासूबाईंनी सहाव्या व्रतात दिशेचं परिमाण केलेलं असतं. ते पाळलंच पाहिजे. माझ्या आईची मर्यादा "भारत देश" आहे. अंदमान भारतातच आहे, भैया. तुला कुणाला बाहेर ठेवायचं असेल तर त्यासाठी व्रताचा आधार मिळणार नाही.

आता मुख्य भांडण. ते म्हातारीपेक्षा मोठं आहे.

आपल्या घरांत धर्म सगळ्या कुटुंबाचा असतो आणि त्याचा डबा एकट्या बाईचा असतो. "आम्ही बाहेरचं खात नाही" हे वाक्य पुरुष अभिमानाने म्हणतात. मग खातात काय? पंधरा दिवस कुणीतरी लाटलेलं, बांधलेलं, वाहून नेलेलं, पहाटे चारला किटलीत भिजवलेलं. त्यागाचं पुण्य नऊ जणांच्या नावावर आणि घाम दोघींचा. मी विचारते, जमीकंद नको हा नेम ह्यांचा, तर आचाऱ्याला जाऊन "कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आलं नको" हे ह्यांनी का सांगू नये? रात्रीचं जेवण नको हा नेम घराचा, तर साडेचारला जेवण लावून घेण्याची जबाबदारी घराची नको का? ज्याला नेम पाळायचा आहे त्याने त्याची तजवीज करावी, नाहीतर त्याने तो नेम स्वतःचा आहे असं म्हणू नये. बायकोच्या हाताने पाळलेला त्याग बायकोच्या खात्यात जमा होतो. कर्माचा हिशोब तरी असाच शिकवलाय ना आपल्याला? ज्याने केलं, त्याचं.

आणि हीच अडचण म्हातारीच्या गळ्यात बांधली जाते. भैया म्हणाला, "तिच्यापायी सगळ्यांची अडचण होईल." नाही रे. अडचण तिच्या नेमाची नाही. तिचा नेम सांभाळायचं काम भाभीवर पडणार हे तू धरून चालला आहेस, आणि भाभी आधीच दमलेली आहे, म्हणून तुम्हा दोघांना आई जड वाटते. तू स्वतः किटली लावलीस, तू आचाऱ्याशी बोललास, तर आई किती जड आहे? दोन फुलके आणि एक तांब्या गरम पाणी.

भाभी, तुझ्यावर माझा राग नाही. तू आईला न्यायला तयार नाहीस असं मला वाटत नाही. तू अकरा डबे न्यायला तयार नाहीस. बरोबर आहे तुझं. नेऊ नकोस.

आम्ही आल्यावर घरात बसून पुढच्या वेळेसाठी काही ठरवलं. तुमच्या उपयोगी पडेल म्हणून देते.

1. जेवणाची वेळ तिथल्या सूर्यावरून ठरवायची. निघण्याआधी त्या गावच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा काढायच्या. डिसेंबरात अंदमानला पाचनंतर लगेच सूर्यास्त, मे महिन्यात साधारण साडेपाचला, जेव्हा आपल्याकडे सात वाजतात. दुसरी बाजू पण बघा, डिसेंबरातही सूर्य तिथे सहाच्या आत उगवतो. नवकारसी 48 मिनिटांची धरली तरी साडेसहाला पारणं होतं. दिवस लहान नाही, फक्त सरकलेला आहे. आपण तासभर आधी उठायचं आणि तासभर आधी झोपायचं, एवढंच.

2. हॉटेलात नुसतं "जैन जेवण" म्हणायचं नाही. बऱ्याच आचाऱ्यांना त्याचा अर्थ फक्त कांदा-लसूण नको एवढाच माहिती असतो आणि ताटात बटाटा येतो. एकेक नाव घेऊन सांगायचं. सांगायचं काम घरातल्या पुरुषांचं.

3. कोरडं खाणं प्रत्येकाने आपल्या बॅगेत आपलं न्यायचं. दहा वर्षांच्या मुलाला चार खाखऱ्यांचं पाकीट जड होत नाही. शेगडी, कुकर काही नाही. एखादा दिवस साधं खाल्लं तर ती ऊणोदरी समजा, तप म्हणून नोंद होईल.

4. किनाऱ्यावर बॅगांजवळ पाळी. अर्धा अर्धा तास, मोठ्या मुलापासून दिरापर्यंत. सासूबाईंचं नाव यादीत नाही.

5. गुडघे दुखतात म्हणून घरी ठेवायचं नाही. विमान कंपनीला आधी कळवलं तर विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते. बोटीत चढताना दोन माणसांनी हात द्यायचा. ओहोटीला पाण्याजवळची वाळू घट्ट असते, तिथे चालायला कोरड्या वाळूपेक्षा सोपं जातं. रोज एक नवी जागा बघण्यापेक्षा एका संथ किनाऱ्यावर दोन दिवस काढा.

6. मे महिन्यात जाणार असाल तर सुरुवातीला जा. महिन्याच्या उत्तरार्धात तिकडे पाऊस येतो, समुद्र खवळला की बोटी बंद होतात.

ज्यांना अंदमान परवडत नाही त्यांनी हळहळू नये. दिवेआगर आहे, गुहागर आहे. घरगुती शाकाहारी जेवण मिळतं आणि समुद्र आहेच, अरबी. शिरूरहून सकाळी निघालं तर संध्याकाळी पाय पाण्यात. दादीला कुठला समुद्र हे नको आहे. दादीला कुणीतरी "चला" म्हणायला हवंय.

एक गोष्ट राहिली. पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, आता 2024पासून श्री विजयपुरम. तिथे आम्ही सेल्युलर जेल बघितली, दिवसा, कारण प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम अंधार पडल्यावर असतो. 1906 साली बांधून पूर्ण झालेली ती जेल, सावरकर बंधू दोघेही तिथे कोंडलेले. बाबाराव सावरकरांच्या पत्नी येसूवहिनी इकडे नवऱ्याच्या भेटीची वाट बघत राहिल्या आणि भेट न होताच गेल्या. सासूबाई त्या कोठडीच्या दारात बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "तिला हे पाणी ओलांडायला परवानगी लागत होती." मी काही बोलले नाही. पण मनात आलं, आज बाईला सरकारची परवानगी लागत नाही. घरातल्यांची लागते.

काल मी शेवटी दौंडला गेले. भैया दुकानात होता. आई ओट्यावर तूर निवडत बसलेली. स्टेशन जवळ असल्यामुळे आमच्या घरात मुंबईच्या गाड्यांचा आवाज दिवसभर येतो. त्या गाड्या ऐकत आई त्या घरात छप्पन्न वर्षं राहिली आणि त्यातल्या एकाही गाडीने समुद्रापर्यंत गेली नाही. मी विचारलं, "आई, तुला अंदमानला जायचंय का?"

ती सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही. त्यांनी माझं उत्तर आपणच ठरवलं."

"आता मी विचारतेय."

"गरम पाण्याचं जमेल का तिथे?"

भैया, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ती नाही म्हणाली नाही. तिने फक्त पाण्याचं विचारलं. जमतं, मी बघून आलेय. किटली प्रत्येक खोलीत असते. ती लावायचं बटण कुठे असतं ते मी तुला दाखवीन.

तिकीट अजून काढलेलं नाही ना? मग सहाचं सात कर.

लिहिताना जिनाज्ञेच्या विरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्. पण मुद्दा मागे घेत नाही.

जय जिनेंद्र.